‘मला आवडतं’ इटालियनमध्ये: ‘प्याचेरे’ हे क्रियापद कसं वापरायचं

इटालियन शिकायला घेतलं की पहिल्या काही धड्यांतच ‘प्याचेरे’ हे क्रियापद समोर येतं. इंग्रजी माध्यमातली बहुतेक पुस्तकं ते ‘उलटं’ क्रियापद म्हणून शिकवतात. उलटं ते इंग्रजी बोलणाऱ्याला वाटतं, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूसच कर्ता असतो. मराठीत ‘मी आंबा आवडतो’ असं तीन वर्षांचं मूलसुद्धा म्हणत नाही. ‘मला आंबा आवडतो.’ इथे कर्ता आंबा आहे, क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं आणि आवड ज्याची, तो ‘ला’ लावून बाजूला उभा असतो. इटालियन वाक्याचा सांगाडा नेमका हाच आहे. म्हणून पुस्तक इंग्रजीतलं असलं तरी वाक्य मनात मराठीतूनच जुळवायचं. ही एक सवय लावून घेतली तर अर्ध्याहून जास्त चुका होतच नाहीत.

हे साम्य वरवरचं नाही. पाणिनीने ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ (अष्टाध्यायी १.४.३३) या सूत्रात सांगून ठेवलंय की ‘रुचणे’ या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला रुचतं त्याची चतुर्थी होते. ‘देवदत्ताय रोचते मोदकः’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. ‘प्याचेरे’ ज्या लॅटिन क्रियापदातून आलं, तेही चतुर्थीच घेत असे. ‘प्याचेरे’चा मूळ अर्थ खरं तर ‘रुचणं’ असाच धरावा. मोदक देवदत्ताला रुचतो, तसा पित्सा मार्कोला रुचतो.

आधी उच्चार

या लेखात इटालियन शब्द देवनागरीत लिहिलेत, म्हणून दोन-तीन गोष्टी नीट पाहून घ्या. ‘प्याचे’ हा शब्द ‘त्याचे’सारखा म्हणायचा, फक्त त च्या जागी प. जोर ‘प्या’वर. मूळ रूप ‘प्याचेरे’ म्हणताना मात्र जोर ‘चे’वर जातो. यातला च सगळीकडे ‘चहा’तला आहे, ‘चोर’मधला कधीच नाही. म्हणूनच पुढे ‘प्याच्च्योनो’ असं जोडाक्षर लिहिलंय. ‘प्याच्चोनो’ लिहिलं तर मराठी जीभ लगेच ‘चोर’च्या च कडे वळते.

दुहेरी व्यंजन खरोखर दुहेरी म्हणा, ‘पक्का’, ‘सच्चा’ म्हणतो तसं. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा आणि ‘नोनो’ म्हणजे नववा, एवढा फरक त्याने पडतो. त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे असल्यामुळे तिथे काहीच शिकावं लागत नाही.

आणि एक गोंधळ आधीच मिटवू. इटालियनमध्ये ‘मला’ या शब्दाचा उच्चार ‘मी’च्या जवळ जातो. कानाला तो आपला ‘मी’ वाटतो आणि डोकं त्याला कर्ता समजून बसतं. तो कर्ता नाही, तो ‘मला’ आहे. म्हणून इथे तो ऱ्हस्व ‘मि’ लिहिलाय. तसाच ‘ति’ म्हणजे तुला. आपल्या ‘ती’शी त्याचा संबंध नाही.

सांगाडा: मला + आवडतं + वस्तू

‘ला’ लावलेली रूपं अशी:

मला – मि
तुला – ति
त्याला – ल्यि
तिला – ले
तुम्हाला (एकाच व्यक्तीला, आदराने) – ले
आम्हाला, आपल्याला – चि
तुम्हाला (अनेकांना) – वि
त्यांना – ल्यि

हे कोष्टक पाठ करण्यापेक्षा त्यातल्या तीन अडचणीच्या जागा समजून घेतलेल्या बऱ्या. पहिली: आपला ‘तुम्हाला’ एकाच माणसाला आदराने वापरतो आणि चार जणांनाही. इटालियनमध्ये तिथे फाटा फुटतो. दुकानदाराला, मित्राच्या आईला, प्राध्यापकांना विचारताना ‘ले प्याचे?’, आणि समोर दोघंचौघं असतील तर ‘वि प्याचे?’. दुसरी: आपण ‘बाबांना चहा आवडतो’ म्हणताना बाबांचं आदरार्थी अनेकवचन करतो. इटालियनमध्ये तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना असं होत नाही. बाबा एकच, म्हणून ‘त्याला’चं रूप: ‘ल्यि प्याचे इल ते’. यात अनादर अजिबात नाही. तिसरी: ‘आम्हाला’ आणि ‘आपल्याला’ हा फरक इटालियनला ठाऊक नाही, दोन्हीला ‘चि’.

वस्तू एक असेल तर ‘प्याचे’, अनेक असतील तर ‘प्याच्च्योनो’:

मि प्याचे इल काफ्फे – मला कॉफी आवडते.
मि प्याच्च्योनो इ लिब्रि – मला पुस्तकं आवडतात.

कोणाला आवडतं यावरून क्रियापद बदलत नाही. मला, तुला, त्यांना, सगळ्यांना ‘प्याचे’च, जसं आपण मला-तुला-त्यांना सगळीकडे ‘आवडतं’च म्हणतो. दोन वेगळ्या वस्तू ‘आणि’ने जोडल्या तर अनेकवचन: मि प्याच्च्योनो इल ते ए इल काफ्फे.

‘वाचायला आवडतं’ म्हणायचं असेल तर क्रियापदाचं मूळ रूप थेट पुढे ठेवायचं: मि प्याचे लेज्जेरे. मध्ये काहीही येत नाही. आपल्या ‘-यला’ची सवय असल्यामुळे मध्ये ‘आ’ (‘ला’) किंवा ‘दि’ (‘चा’) घालायचा मोह होतो, तो टाळा. क्रिया एक असो वा चार, ‘प्याचे’ एकवचनीच राहतं: मि प्याचे लेज्जेरे ए व्याज्जारे, मला वाचायला आणि प्रवास करायला आवडतं. मराठीतही तिथे ‘आवडतं’च असतं.

नकाराचा ‘नोन’ सगळ्यांच्या आधी: नोन मि प्याचे. ‘मि नोन प्याचे’ होत नाही. ‘खूप’साठीचा ‘मोल्तो’ क्रियापदानंतर येतो आणि तो बदलत नाही: मि प्याच्च्योनो मोल्तो इ लिब्रि. इथे पुस्तकं अनेक म्हणून ‘मोल्ति’ केलं तर अर्थच बदलून ‘पुष्कळ पुस्तकं’ होतो. ‘जाम आवडतं’ला बोलीत ‘मि प्याचे उन साक्को’, आणि ‘अजिबात आवडत नाही’ला ‘नोन मि प्याचे पेर न्येंते’.

‘हो, आवडतं’ एवढंच उत्तर द्यायचं असेल तर ‘सी, मि प्याचे’. ‘ते’ या अर्थाचा शब्द घालायची गरज नाही, कारण आपणही घालत नाही. ‘लो प्याचे’ हे इंग्रजीतून आलेलं वाक्य कानाला फार खटकतं.

नाव घेऊन सांगताना

मार्कोला फुटबॉल आवडतो: आ मार्को प्याचे इल काल्च्यो. आपला ‘ला’ शब्दाच्या मागे चिकटतो, इटालियन ‘आ’ पुढे येतो, एवढाच फरक. हा ‘आ’ विसरला तर ‘मार्को आवडतो’ असं काहीतरी होतं आणि ऐकणारा पुढच्या शब्दाशी अडखळतो. नामाआधी उपपद (इंग्रजी ‘द’सारखा छोटा शब्द: इल, ला, इ…) असेल तर ‘आ’ त्यात मिसळतो: मुलांना आइस्क्रीम आवडतं, आय बांबीनि प्याचे इल जेलातो. जवळच्या नात्याच्या एकवचनी शब्दाआधी ‘माझा’, ‘तुझी’ असं काही आलं तर मात्र उपपद लागत नाही: आ मीआ माद्रे प्याच्च्योनो इ फ्योरि, माझ्या आईला फुलं आवडतात.

‘मला’वर जोर द्यायचा असेल, म्हणजे ‘मला तरी आवडतं बुवा’ या सुरात बोलायचं असेल, तर ‘मि’ऐवजी ‘आ मे’: आ मे प्याचे. बोलताना पुष्कळ इटालियन लोक ‘आ मे मि प्याचे’ असं दोन्ही म्हणतात. ते ऐकून समजून घ्या, पण परीक्षेत लिहू नका. शाळेत ती चूक धरतात.

हीच रूपं उत्तर देतानाही लागतात, आणि इंग्रजीतून आलेले लोक इथे हमखास पडतात. समोरचा म्हणाला ‘मि प्याचे रोमा’, तर तुम्ही ‘आंके आ मे’ म्हणायचं, म्हणजे ‘मलाही’. ‘आंक्यो’, म्हणजे ‘मीही’, इथे चुकीचं आहे, जसं मराठीत ‘मला रोम आवडतं’ला ‘मीही’ हे उत्तर चुकीचं वाटतं. त्याने नकार दिला आणि तुमचाही नकारच असेल तर ‘नेआंके आ मे’, मलाही नाही. त्याला आवडत नाही पण तुम्हाला आवडतं: ‘आ मे सी’. त्याला आवडतं, तुम्हाला नाही: ‘आ मे नो’. ‘आणि तुला?’ असं उलट विचारायचं तर ‘ए आ ते?’. एवढ्या पाच तुकड्यांवर कॅफेतल्या गप्पा बराच वेळ चालू शकतात.

जिथे मराठी मदतीला येत नाही: उपपद

मराठीत उपपद नसतं, म्हणून आपल्याकडून ते गळतं. ‘मि प्याचे काफ्फे’ ही मराठी माणसाची खास चूक. आवड सर्वसाधारण असली तरी इटालियनला उपपद हवंच: इल काफ्फे, ला पास्ता, लो झूक्केरो (साखर), इ लिब्रि, ल्यि आमीचि (मित्र), ले मेले (सफरचंदं). नवीन नाम शिकताना ते उपपदासकटच पाठ करा. सुटं नाम पाठ केलं की नंतर लिंग वेगळं आठवत बसावं लागतं. शहरांच्या नावांना उपपद नाही (मि प्याचे वेनेत्स्या), देशांना आहे (मि प्याचे लितालिया).

आवडला, आवडली, आवडायचं

भूतकाळ हा या क्रियापदाचा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि तो मराठी माणसाला आयता मिळतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी बहुधा भूतकाळाचं एकच रूप चालत असल्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्यांना इथले दोन भूतकाळ वेगळे करायला महिने लागतात. आपण ‘आवडलं’ आणि ‘आवडायचं’ यांत कधी घोळ घालतो का?

एकदा घडून गेलेली आवड, म्हणजे ‘आवडला/आवडली’: मि ए प्याच्यूतो. नेहमीची, पूर्वीची आवड, म्हणजे ‘आवडायचं’: मि प्याचेवा, आणि वस्तू अनेक असतील तर मि प्याचेवानो. ‘दा बांबीनो मि प्याचेवा इल लात्ते’ म्हणजे लहानपणी मला दूध आवडायचं. बोलणारी स्त्री असेल तर ‘दा बांबीना’. (आपल्याकडे कॅफेत ‘लाटे’ म्हणून कॉफी मिळते. इटलीत नुसतं ‘लात्ते’ मागितलं तर दुधाचा ग्लास येईल. कॉफी हवी असेल तर ‘काफ्फेलात्ते’ म्हणा.)

‘आवडला’चं शेवटचं अक्षर आपल्यासारखंच वस्तूच्या लिंग-वचनाने बदलतं:

मि ए प्याच्यूतो इल रिसोत्तो (पुल्लिंगी, एक)
मि ए प्याच्यूता ला पित्सा (स्त्रीलिंगी, एक)
मि सोनो प्याच्यूति ल्यि न्योक्कि (पुल्लिंगी, अनेक)
मि सोनो प्याच्यूते ले लाझान्ये (स्त्रीलिंगी, अनेक)

बोलणारा पुरुष आहे की स्त्री, याने इथे काहीही बदलत नाही. जेवणाच्या टेबलावर एखादी मुलगी स्वतः स्त्री म्हणून ‘मि ए प्याच्यूता इल रिसोत्तो’ म्हणते तेव्हा चूक ‘मि’ला कर्ता समजण्यातून आलेली असते. मराठीत तीच मुलगी ‘मला भात आवडली’ म्हणेल का?

फक्त लिंग मराठीतलं धरू नका. आपला पिझ्झा तो, त्यांची पित्सा ती. आपला पास्ता तो, त्यांची पास्ता ती. ‘मला पास्ता आवडला’ मनात म्हणत म्हणत ‘प्याच्यूतो’ तोंडातून निघून जातं, म्हणून लिंग इटालियन नामाकडूनच विचारून घ्या. आणि साहाय्यक क्रियापद नेहमी ‘असणे’चं (ए, सोनो). ‘मि आ प्याच्यूतो’ हे ‘मि ए’च्या अगदी जवळचं ऐकू येतं, पण ते साफ चूक आहे.

तू मला आवडतेस

आतापर्यंत दोनच रूपांवर काम भागलं, कारण वस्तू तृतीयपुरुषी असतात. माणूस आवडतो तेव्हा बाकीची रूपं लागतात: प्याच्च्यो (मी आवडतो), प्याचि (तू आवडतोस/आवडतेस), प्याच्च्यामो (आम्ही आवडतो), प्याचेते (तुम्ही आवडता). ‘मि प्याचि’ म्हणजे तू मला आवडतेस. ‘ति प्याच्च्यो?’ म्हणजे मी तुला आवडतो का? या दोघांची अदलाबदल फार होते, आणि क्षण नाजूक असतो. ‘ति प्याच्च्यो’ प्रश्नाचा सूर न लावता म्हटलं तर ‘मी तुला आवडतो’ असं समोरच्याला परस्पर सांगून टाकल्यासारखं होतं. खूण एकच: क्रियापद आवडणाऱ्या माणसाचं, ‘ला’ आवडून घेणाऱ्याला.

व्यक्तीबद्दल ‘मि प्याचे’ म्हटलं की त्यात आकर्षणाचा रंग येतो, जसा ‘मला तो आवडतो’मध्ये येतो. सहकारी चांगला वाटतो एवढंच सांगायचं असेल तर ‘मि स्ता सिंपातिको’ म्हणा (स्त्री असेल तर ‘सिंपातिका’). आईवडील, भावंडं, मित्र यांच्यावरच्या मायेला ‘ति वोल्यो बेने’ आहे, आणि ‘ति आमो’ जोडीदारासाठी.

आवडतं आणि हवं

कॅफेत ‘मि प्याचे उन काफ्फे’ म्हटलं तर वेटरला तुमची आवड कळेल, ऑर्डर कळणार नाही. मागायचं असेल तर ‘वोर्रेय उन काफ्फे’. ‘मि प्याचेरेब्बे’ म्हणजे ‘मला आवडेल’, आणि ते इच्छेसाठी ठेवायचं: मि प्याचेरेब्बे वीवेरे आ तोरीनो, मला तोरीनोत राहायला आवडेल. भेटवस्तू हातात देताना ‘स्पेरो के ति प्याच्च्या’, तुला आवडेल अशी आशा आहे. हेच ‘प्याच्च्या’ आपल्या ‘आवडो’च्या जागी बसतं: के ति प्याच्च्या ओ नो, तुला आवडो वा न आवडो.

मित्राला ‘कॉफी घेणार का?’ असं विचारताना ‘ति प्याचे उन काफ्फे?’ नको. ‘ति वा उन काफ्फे?’ म्हणा. ‘वा’ हे ‘जाणे’चं रूप. आपणही ‘कॉफी चालेल?’ म्हणतो, तेव्हा कॉफी कुठे चालत जाते? ‘मला चालेल’ला तर जवळजवळ शब्दशः ‘मि वा बेने’ आहे.

त्याच घरातली भावंडं

‘मला…’ या सांगाड्यावर चालणारी आणखी क्रियापदं एकदमच शिकून घ्या, कष्ट वाचतात. मि सेर्वे: मला लागतं, मला गरज आहे (मि सेर्वोनो दुए लिमोनि, मला दोन लिंबं लागतील). मि बास्ता: मला पुरे, पुरतं. मि सेंब्रा: मला वाटतं. मिंतेरेस्सा: मला रस आहे. मि फा माले ला तेस्ता: डोकं दुखतंय, आणि पाय दुखत असतील तर अनेकवचन, मि फान्नो माले इ प्येदि. मि मांका: मला कमी पडतं किंवा आठवण येते. ‘मि मांकानो दुए एउरो’ म्हणजे मला दोन युरो कमी पडतायत, आणि ‘मि मांकि’ म्हणजे तुझी आठवण येते, तुझी उणीव भासते.

पण प्रत्येक ‘मला’ असा सुटत नाही, आणि यशाच्या भरात इथे घसरायला होतं. ‘मला भूक लागली’ला इटालियन ‘ओ फामे’ म्हणतात, म्हणजे ‘माझ्याजवळ भूक आहे’, आणि तिथे कर्ता मी. ‘मला दोन मुलं आहेत’: ओ दुए फील्यि. ‘मला ताप आहे’: ओ ला फेब्ब्रे. ‘मला माहीत आहे’: लो सो. ‘मला जायचंय’: वोल्यो आंदारे, आणि जाणं भाग असेल तर देवो आंदारे. भूक, तहान, ताप, वय, मुलं, ज्ञान, इच्छा आणि सक्ती: एवढ्या ठिकाणी मराठी सांगाडा सोडून द्यायचा.

दिस्प्याचेरे: आवडत नाही असं नाही

‘मि दिस्प्याचे’ म्हणजे ‘मला आवडत नाही’ असं वाटतं, पण त्याचा अर्थ ‘मला वाईट वाटतं’, ‘माफ करा’ असा आहे. कुणाकडे दुःखद बातमी असेल तर हेच म्हणतात. पानातली भाजी नकोशी असेल तर ‘नोन मि प्याचे’. गर्दीत धक्का लागला तर ‘स्कूझि’ पुरे.

‘ले दिस्प्याचे से आप्रो ला फिनेस्त्रा?’ असं रेल्वेच्या डब्यात कुणी विचारलं तर शब्दशः प्रश्न आहे: मी खिडकी उघडली तर तुम्हाला वाईट वाटेल का? हरकत नसेल तर उत्तर ‘नो, प्रेगो’. ‘खिडकी उघडू का?’ असा प्रश्न समजून आपण ‘सी’ म्हणून बसतो, आणि समोरचा गोंधळून हात मागे घेतो.

ओळख करून देताना हात पुढे करून म्हणतात तो ‘प्याचेरे!’ याच क्रियापदाचं नाम आहे: भेटून आनंद झाला. त्यावर ‘प्याचेरे मीओ’ म्हणा. ‘पेर प्याचेरे’ म्हणजे कृपया.

हात बसवायला

आधी उत्तर झाका, मराठी वाक्य मोठ्याने म्हणा, मग इटालियन करा.

तिला मासे आवडतात. → ले प्याचे इल पेश्शे. (खाण्याचा पदार्थ म्हणून मासा इटालियनमध्ये एकवचनी.)

आजोबांना चालायला आवडायचं. → आ मीओ नोन्नो प्याचेवा काम्मिनारे.

आम्हाला हे शहर फार आवडलं. → चि ए प्याच्यूता मोल्तो क्वेस्ता चित्ता. (त्यांचं शहर स्त्रीलिंगी.)

मला भूक नाही. → नोन ओ फामे.

तुम्हाला इटालियन जेवण आवडतं का? (मित्राच्या आईला) → ले प्याचे ला कुचीना इतालियाना?

मला तुझी आठवण येईल. → मि मांकेराय. (उणीव भासणार ती तुझी, म्हणून क्रियापद ‘तू’चं. ‘ति मांकेरो’ म्हटलंत तर उलट होईल: तुला माझी आठवण येईल.)